आजोबांची जुनी लष्करी जीप: रंगाचा डबा उघडण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांनी १९५०च्या दशकात लष्कराच्या डिस्पोजलमधून (जुन्या गाड्यांच्या विक्रीतून) घेतलेली बुटक्या बॉनेटची पेट्रोल जीप साताऱ्याजवळच्या शेतावर बरीच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन फिरतं, पण सुरू होत नाही. फ्लोअर गंजलाय आणि वरचा निळा रंग पापुद्रे सुटून गळतोय. गावातला डेंटर म्हणतो, सगळी बॉडी सँडब्लास्ट करू (वाळूच्या माऱ्याने जुना रंग उडवू), रेड ऑक्साईडचा लाल प्रायमर मारू आणि वरून मिलिटरी हिरवा देऊ. तुम्हाला एवढंच विचारायचंय, की हिरव्याची नेमकी शेड कोणती घ्यावी आणि रंग मॅट असावा की चकचकीत.

शेडबद्दल बोलतो, पण शेवटी, कारण कामातही तिचा नंबर शेवटचा आहे. तुमची खरी अडचण रंगाची नाहीच. या गाडीबद्दल जे कळू शकतं, त्यातलं बरंचसं आज त्या सुटत चाललेल्या रंगाखाली आहे, आणि सँडब्लास्टिंगच्या एका दुपारी ते कायमचं जाईल. पत्रा नवा घालता येतो, इंजिन पुन्हा बांधता येतं, पण जुने थर परत आणता येत नाहीत. म्हणून माझं सांगणं एवढंच: आधी गाडी वाचा, मग खरवडा.

काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. गाडी शेतावर आणि रॅलीपुरती चालवायची, की युद्धकाळातली म्हणून प्रदर्शनात मांडायची? आरसी पुस्तक हातात आहे का? आजोबांनी किंवा नंतर कुणी इंजिन, गिअरबॉक्स बदललाय का? किती काम स्वतः करणार आणि किती गॅरेजला देणार? याची उत्तरं बदलली तर पुढचे काही सल्लेही बदलतील. क्रम मात्र बदलणार नाही.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. बॉनेट बुटकं म्हणजे जीप युद्धातलीच, असं नाही. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज-ओव्हरलँडने एमबी आणि फोर्डने जीपीडब्ल्यू या नावाने मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. दोन्ही एकाच नकाशावरच्या. युद्ध संपल्यावर विलीजने सीजे-२ए आणि सीजे-३ए या नागरी जीपा काढल्या, त्यांचंही बॉनेट बुटकंच. इकडे भारतात १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद, म्हणजे आजच्या महिंद्र अँड महिंद्रने विलीज जीपांची जुळणी सुरू केली आणि पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आपल्याकडे गावोगावी पोचली. त्यामुळे पार्ट मिळणं सोपं झालं, पण एका जीपचे पार्ट दुसरीत जाणंही सोपं झालं. आज आपल्याकडच्या बहुतेक ‘युद्धातल्या’ जीपांमध्ये थोडी महिंद्र असतेच, आणि त्यात कमीपणा काही नाही. शेतात चालणारी गाडी चालू ठेवायची तर जो पार्ट मिळेल तो घालावाच लागे.

तुमच्या जीपसमोर उभे राहा आणि जाळी बघा. युद्धकाळातल्या प्रेस केलेल्या जाळीला नऊ खाचा असतात, नागरी जीपला सात. अगदी सुरुवातीच्या एमबीला लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. हेडलाइट जाळीच्या आत खोल बसलेले आणि उलटे वळवून इंजिनवर उजेड पाडता येणारे असतील, तर ती खूण युद्धकाळाची. नागरी जीपचे दिवे मोठे आणि बाहेर आलेले असतात. मागे उघडणारी फळी असेल तर बॉडी नागरी, कारण एमबी आणि जीपीडब्ल्यूच्या मागचा पत्रा अखंड असतो. पेट्रोल भरायला ड्रायव्हरची सीट उचलावी लागत असेल तर तीही युद्धकाळातली पद्धत. स्टीअरिंग मुळात डावीकडे असायचं, पण आपल्याकडे बरीच उजवीकडे आणली गेली, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका.

जाळी, बॉनेट, बॉडी सगळं बदलता येतं. चॅसी, म्हणजे बॉडीखालचा लोखंडी सांगाडा, क्वचितच बदलली जाते, म्हणून शेवटचा शब्द तिचा. रेडिएटरच्या खाली, चॅसीच्या दोन लांब रेलना जोडणारा पुढचा आडवा भाग गोल नळीचा असेल तर चॅसी विलीजची, चौकोनी घडणीचा, उलट्या चॅनलसारखा असेल तर फोर्डची. फोर्डने स्वतःच्या बोल्टच्या डोक्यांवर आणि कितीतरी छोट्या भागांवर ‘एफ’ अक्षर उठवलेलं असतं. एमबीचा नंबर डाव्या रेलच्या आतल्या अंगाला, बंपरच्या लगेच मागे, रिव्हेट केलेल्या छोट्या पट्टीवर असतो. जीपीडब्ल्यूचा नंबर डाव्या रेलच्या वरच्या पृष्ठभागावर, इंजिन माउंटिंगच्या आसपास ठोकलेला असतो.

तो नंबर शोधताना तिथे ग्राइंडर लावू देऊ नका. अंक फार खोल नसतात आणि वर गंज असला तर चकतीचा एक फेरा पुरतो. नंबर घासला गेला तर इतिहास जातोच, शिवाय आरटीओत उत्तर देणं अवघड होऊन बसतं. पेंट रिमूव्हर लावा, थोडा वेळ थांबा, जाड कापडाने पुसा, पुन्हा लावा. मग बाजूने तिरका टॉर्च धरून फोटो काढा.

इंजिनही बघून घ्या. युद्धकाळातलं ‘गो डेव्हिल’ हे साइड व्हॉल्व्ह इंजिन, २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे त्याचं हेड सपाट आणि बुटकं. पुढच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर गेले, इंजिन उंच झालं, आणि सीजे-३बीचं बॉनेट उंच आहे ते त्यामुळेच. तुमच्या बुटक्या बॉनेटखाली चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन नीट मावत असेल, तर ते गो डेव्हिल असण्याचीच शक्यता जास्त.

आता थर वाचायचे. हे काम दोन संध्याकाळचं आहे आणि मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात आनंदाचं. ऊन न लागलेली जागा निवडा: ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाची आतली बाजू, डॅशबोर्डच्या मागचा पत्रा, मागच्या टूल बॉक्सचं झाकण, सीटखालचा भाग. पाण्याचा पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) घ्या, आधी ४००चा, मग ८००चा, शेवटी १२००चा. भरपूर पाणी घेत एकाच जागी गोल-गोल घासा, असं की मधोमध पत्रा उघडा पडेल आणि बाहेरच्या बाजूला उतार राहील. उतार जितका पसरट, तितका प्रत्येक थर रुंद दिसतो. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासायचंच नाही. निघालेला गाळ कापडाने पुसून वेगळा ठेवा, अंगणात धुऊन टाकू नका.

हे झालं की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. मी काम केलेल्या एका जीपच्या झाकणामागे आतून बाहेर असा क्रम निघाला: तांबूस प्रायमर, त्यावर तपकिरीकडे झुकणारा ऑलिव्ह, मग जास्त हिरवट आणि थोडा जाड थर, मग राखाडी, आणि शेवटी घरच्यांना आठवत होता तो क्रीम. दोन हिरव्यांच्या मध्ये धुळीची बारीक रेघ होती. म्हणजे दुसरा हिरवा कारखान्यातला नव्हे, वापरात असताना कुठेतरी घाईत मारलेला. घासलेली जागा ओली असतानाच दिवसाच्या उजेडात फोटो काढा, कारण वाळली की मॅट थर पांढुरके दिसतात आणि शेड फसवते.

बॉनेटच्या दोन्ही बाजूंवर असंच, पण अगदी हलक्या हाताने काम करा. अमेरिकन लष्कराच्या जीपांचा नोंदणी क्रमांक तिथे रंगवलेला असे आणि तो २०ने सुरू होई. सुरुवातीच्या काळात तो फिकट निळसर रंगात होता, नंतर पांढरा झाला. ब्रिटिश सैन्याकडे गेलेल्या जीपांवर ‘एम’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक सापडतो. आधी अंधारात तिरका टॉर्च मारून बघा, अक्षरांच्या कडा कधीकधी वरच्या दोन थरांतूनही उठून दिसतात. काही दिसलं तर तिथे १०००चा पेपर आणि धीर, बाकी काही नको. डेंटरच्या पद्धतीने गेलात तर नेमका हाच भाग पहिल्या मिनिटात जातो.

आता कागद आणि कायदा, कारण तुमच्या हिरव्या रंगाचं उत्तर इथे अडतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो, की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणतीही मोटार ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवायची नाही. रॅलीत हिरव्या जीपा दिसतात, त्यावरून ते चालतं असा अर्थ काढू नका. कुणी म्हणेल, अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅब वेगळा, तो तपकिरी. ते खरंही आहे: ड्रॅब मुळात पिवळी गेरू माती आणि काळा यांच्या मिश्रणातून निघालेला रंग, आणि भारतीय लष्कराच्या गाड्यांचा हिरवा त्यापेक्षा बराच हिरवा. पण रस्त्यावर अडवणाऱ्या हवालदारासमोर हा फरक सिद्ध करत बसायची वेळ तुमच्यावर का यावी? लष्करी पद्धतीचा बाण असलेला नंबर तर कोणत्याही परिस्थितीत रंगवू नका, हौस म्हणूनही नाही. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. तो बदलणार असाल तर आरटीओत आधी विचारा आणि नोंद करून घ्या.

त्याच वेळी व्हिंटेज नोंदणीचंही विचारा. २०२१ मध्ये याच नियमांत भर पडली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. आजोबांच्या वेळचा नंबर जिवंत असेल तर मी तो काही केल्या सोडणार नाही. अट लक्षात ठेवा: चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, असा तिचा वापर. शेतातून सातारा बाजारात रोज न्यायची असेल तर हा मार्ग तुमचा नव्हे. आरसीवरचा चॅसी नंबर आणि रेलवरचा नंबर जुळतो का, हे पत्र्यावर एक रुपया घालण्याआधी तपासा.

कागद नीट निघाले की गाडी चालती करा, आणि रंग त्यानंतर. याला साधी कारणं आहेत. ब्रेक ऑईल रंग उचलतं, एक थेंब नव्या मडगार्डवर सांडला तर तासाभरात तिथला रंग फुगतो. वेल्डिंगच्या ठिणग्या, वायरिंगची ओढाताण, इंजिन काढताना लागलेले ओरखडे, हे सगळं जुन्या रंगावर झालेलं बरं. आणि गाडी स्वतःच्या पायावर शेडबाहेर आली की पुढच्या कंटाळवाण्या महिन्यांत उत्साह टिकतो. रंगवलेल्या पण बंद जीपा मी बऱ्याच पाहिल्यात. त्यातल्या फार थोड्या पुढे चालू झाल्या.

इंजिन फिरतंय ही मोठी गोष्ट. तरी लगेच स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑईल आणि डिझेल सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. मग हँडलने हाताने फिरवा. मॅनिफोल्डच्या खाली टॅपेटचं कव्हर आहे, ते उघडून बघा, की हँडल फिरवताना आठही व्हॉल्व्ह वर जाऊन खाली येतात का. उभ्या राहिलेल्या साइड व्हॉल्व्ह इंजिनात एखादा व्हॉल्व्ह वरच चिकटून राहणं नेहमीचं असतं. त्याला तेल पाजून हलक्या हाताने सोडवायचं, ठोकायचं नाही. थंड इंजिनात टॅपेट क्लिअरन्स ०.०१४ इंच, पॉइंटचा गॅप ०.०२०, प्लगचा ०.०३०, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ऑईल बदलताना फक्त नट काढून भागवू नका, चेंबर (इंजिनाखालची ऑईलची टाकी) उतरवा. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असतो आणि नवं ऑईल तोच गाळ सोडवून पंपाकडे पाठवतं.

मूळ वायरिंग ६ व्होल्टचं आणि निगेटिव्ह अर्थिंगचं, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं. बल्ब आणि कॉइल बघून ठरवा, की कुणी १२ व्होल्ट केलंय का. ६ व्होल्ट चांगलं चालतं, पण त्याला जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग लागतं. ‘सहा व्होल्टला सेल्फ मारत नाही’ ही तक्रार बहुतेकदा १२ व्होल्टच्या बारीक केबलमुळे असते. पेट्रोलचं सांगायचं तर आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं. जुन्या रबराचा पंप डायफ्रॅम आणि नळ्या त्यात टिकत नाहीत, म्हणून इथेनॉलला चालणाऱ्या रबराचा किट घाला. आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करा. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते.

ब्रेकवर तडजोड नको. या जीपला एकच मास्टर सिलिंडर आणि एकच सर्किट आहे, कुठलीही एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. सगळे सिलिंडर, रबरी होज आणि लोखंडी नळ्या नव्या घ्या, ‘ही बरी दिसतेय’ असं कुणी म्हटलं तरी. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला. ड्रम उघडल्यावर हवेने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

चाकांबद्दल एक गोष्ट जिवावरची आहे, म्हणून नीट वाचा. युद्धकाळातल्या पुष्कळ जीपांना दोन भागांचं, बोल्टने जोडलेलं रिम असतं. रिमचे दोन अर्धे धरणारे नट वेगळे आणि चाक हबला धरणारे वेगळे. टायरमध्ये हवा असताना रिमचे नट सैल केले तर तो अर्धा भाग तोफगोळ्याच्या जोराने सुटतो. रिमला हात लावण्याआधी व्हॉल्व्हचा पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या आणि पंक्चरवाल्याला हे स्वतः उभं राहून सांगा. शिवाय डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. नट ‘जाम’ म्हणून पान्यावर पाइप लावून स्टड तोडणारे खूप आहेत.

आता गंज. या बॉडीची एक जन्मजात खोड आहे. फ्लोअरखाली टोपीच्या आकाराचे आधार-चॅनल असतात आणि त्यांच्या आत मुळातच लाकूड घातलेलं असायचं. ते लाकूड पाणी धरून ठेवतं आणि चॅनल आतून कुजतो, त्यामुळे वरून ठीक दिसणाऱ्या फ्लोअरवर पाय दाबला की चर्रर्र आवाज येतो. दुसरी जागा पेट्रोल टाकीखालचा खोलगट भाग. त्याला पाणी जायला भोक आहे, ते चिखलाने बुजतं. तिसरी, मागच्या दोन टूल बॉक्सचा तळ. टोकदार हातोडीने या तिन्ही ठिकाणी ठोकून बघा, आवाज बद्द येईल तिथला पत्रा गेला समजा.

फ्लोअर कापण्याआधी बॉडीत आडवे-तिरपे अँगल वेल्डिंगच्या तात्पुरत्या टाक्यांवर लावा आणि दोन्ही बाजूंच्या उघड्या भागांची तिरपी मापं लिहून ठेवा. बॉडी चॅसीवर बोल्ट केलेली असतानाच एका वेळी एकच बाजू कापा. मी १८ गेजचा सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्रा वापरतो. जुना पत्रा जिथपर्यंत खणखणीत आहे तिथपर्यंतच कापायचं. आजोबांनी कुठे ठिगळ लावलं असेल आणि ते मजबूत असेल, तर मी ते काढणार नाही. चॅनलमध्ये लाकूड परत घालायचं असेल तर सगळ्या बाजूंनी, टोकांनाही, रंगवून घाला.

सँडब्लास्टिंगला माझा सरसकट विरोध नाही. चॅसी, ॲक्सल हाउसिंग, रिम यांच्यासाठी ते उत्तम, फक्त ॲक्सलची सगळी तोंडं पक्की बंद करा, नाहीतर वाळू बेअरिंगमध्ये जाऊन बसते. बॉनेट, बाजूचे पत्रे, मागचा पत्रा यांवर मात्र जोराचं ब्लास्टिंग नको, सपाट पत्रा लाटा येऊन वाकतो आणि मग तो सरळ दाखवायला किलोभर लांबी (पुट्टी) भरावी लागते. तिथे पेंट रिमूव्हर, पत्र्याची खरवडणी आणि तारेचा ब्रश. आणि साध्या नदीच्या वाळूने उघड्यावर ब्लास्टिंग करणाऱ्याकडे काम देऊ नका. ती धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो, आणि तो त्या मशीन धरणाऱ्या पोराला होतो.

इथपर्यंतचा क्रम एकदा मांडतो: ओळख आणि नंबर, थरांचे फोटो, आरटीओ, चालती गाडी, ब्रेक आणि चाकं, पत्र्याचं काम. यानंतर रंग.

नुसतं रेड ऑक्साईड मारून गाडी शेडबाहेर ठेवणं ही आपल्याकडची जुनी सवय. तो थर सच्छिद्र असतो, पहिल्याच पावसात पाणी खाली जातं आणि लाल रंगाखाली लाल गंज दिसतही नाही. उघड्या पत्र्यावर दोन हात टू-पॅक (दोन डबे मिसळून मारायचा) इपॉक्सी प्रायमर द्या. त्याआधी गंजावर फॉस्फरिक ॲसिडचं रसायन वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन, पुसून, वाळवून घ्या, कारण ॲसिड राहिलं तर इपॉक्सी धरत नाही. लांबी भरायची ती इपॉक्सीवर, आणि कमीत कमी. कारखान्यातून निघालेल्या जीपचा पत्राही आरशासारखा नव्हता. स्पॉट वेल्डचे खड्डे दिसू द्या, ते भरून टाकले की बॉडी खोटी वाटते.

वरच्या रंगासाठी, घरच्या शेडमध्ये काम करणाऱ्या माणसाला मी पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा रंग) सुचवत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते साध्या मास्कने अडत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. पीयूच हवा असेल तर बूथ असलेल्या माणसाकडून करून घ्या. नाहीतर चांगलं सिंथेटिक इनॅमल, ३२० ते ४०० पेपरने घासलेल्या इपॉक्सीवर दोन हात. चॅसी आणि बॉडीची खालची बाजू ब्रशने केली तरी चालेल, ब्रशने रंग सांध्यांत जास्त चांगला जातो. इनॅमलवर पुन्हा कधी डको किंवा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा रंग मारू नका, खालचा थर सुरकुततो.

मॅट की चकचकीत? लष्करी रूप पूर्ण मॅटमध्येच खरं दिसतं, पण पूर्ण मॅट रंग सांभाळायला कठीण. त्याला पॉलिश करता येत नाही, हाताचे तेलकट डाग बसतात, उन्हात पांढरट होतो आणि टचअप प्रत्येक वेळी वेगळं दिसतं. उघड्या शेडमधल्या गाडीला मी सेमी-मॅट देतो. रंग मारताना डबा सतत ढवळत राहा, मॅट करणारी पूड तळाशी बसते आणि पहिला मडगार्ड चमकतो, शेवटचा मातट होतो. पूर्ण गाडीचा रंग एकाच वेळी बनवून घ्या आणि एक लिटर वर ठेवा, डब्यावर तारीख आणि मिश्रणाचा कोड लिहून.

वेळ दिवाळीनंतरची धरा. पावसाळ्यात घासलेला पत्रा दुपारपर्यंत लाल होतो. थंडीतही सकाळी दव असतं, पत्रा हाताला गार आणि ओलसर लागत असेल तर अकरा वाजेपर्यंत थांबा. त्या दिवशी जेवढा पत्रा उघडा कराल, तेवढ्यावर त्याच दिवशी प्रायमर गेला पाहिजे.

आता शेड. दुकानात ‘मिलिटरी ग्रीन’ मागितलात तर जो मिळेल तो कुठल्याच सैन्याचा नसेल. ब्रिटिश मानकात २२० नंबरचा ऑलिव्ह ग्रीन आणि २२४ नंबरचा डीप ब्राँझ ग्रीन असे वेगवेगळे हिरवे आहेत आणि अमेरिकन ड्रॅब त्या दोन्हींहून निराळा. पण नियम १२१ असताना मी तुम्हाला यातला एकही सुचवणार नाही. माझी शिफारस निळ्याची आहे. या जीपने सैन्यात फार तर काही वर्षं काढली, तुमच्या घरी मात्र तिने त्याच्या कित्येक पट काळ काढलाय. आजोबांनी ती ज्या रंगात वापरली तोही तिचा खराच रंग, आणि तो तुम्हाला अंदाजाने शोधायचा नाही, झाकणामागच्या थरांत तो उन्हाने न विटलेला सापडेल. तो तुकडा पॉलिश करून झाकणच दुकानात घेऊन जा आणि त्यावरून मॅचिंग करून घ्या. निळ्याखाली आणखी जुना नागरी रंग निघाला, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी तो फोटो दाखवा, कुणाला तरी आठवेल. मॅचिंग झालं की झाकणामागचा तो घासलेला गोल तसाच ठेवून फक्त पारदर्शक लॅकरचा एक हात द्या, पुढे कुणालाही सगळा क्रम बघता येईल.

नंबर सापडला की तो आणि पुढच्या आडव्या भागाचा फोटो पाठवा, बॉनेटच्या दोन्ही बाजूंचे तिरक्या उजेडातले फोटोही. चॅसी नंबरावरून गाडी साधारण कोणत्या वर्षी कारखान्यातून निघाली ते काढता येतं. डेंटरला मात्र आजच फोन करून सांगा, की सध्या बॉडीला हात लावायचा नाही.